तीन नंबरचा शिक्का

"धरा," मी म्हणाले. "चांगली मूठ आवळून धरा. आपल्या पन्नास गिऱ्हाइकांनी धरलंय, मग तुम्हाला काय झालं?"

मॅनेजर काही हात पुढे करेना. कॅन्टीनच्या टेबलावर, त्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी, मी एक लाकडी फळी ठेवली होती आणि फळीवर पोलादाचं एक बटण. शर्टाच्या बटणाहून जरासं मोठं, चकचकीत, दिसायला अगदी गरीब. बटणाची वायर एका पातळ डबीत जात होती आणि डबीचा प्लग चहाच्या यंत्राशेजारच्या सॉकेटात खोचलेला होता. दुपारच्या सुट्टीतली चाळीस माणसं चमचे हातात धरून आमच्याकडे बघत होती.

"बाई, इथे तमाशा नको," तो हळू आवाजात म्हणाला. "केबिनमध्ये चला."

"केबिनमध्येही सॉकेट आहे. तिथे धराल?"

मागे कुणीतरी हसलं. मी एप्रनच्या खिशातून टेस्टर काढला, तोच तो घरोघरी असतो तसला, मुठीत लाल दिवा असलेला, आणि त्याचं टोक बटणाला टेकवलं. दिवा लागला. प्लग उपसला, उलटा करून पुन्हा खोचला, टेस्टर टेकवला. दिवा नाही. पुन्हा उलटा केला. लागला. हातच्या कंकणाला आरसा कशाला? चाळीस माणसांतली निम्मी विजेच्या कामातलीच होती. एकेक चमचा ताटात ठेवल्याचा आवाज येऊ लागला.

मी टेस्टिंगची बाई. सव्वीस वर्षं एकाच खिडकीखाली, एकाच टेबलाशी बसते. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. माझ्या तोंडाची कारखान्यात ख्याती आहे, ती मी कष्टाने मिळवली आहे.

आमच्याकडे शेकपट्ट्या बनतात. गुडघ्याला, कमरेला गुंडाळायचा कापडी पट्टा, आत तापणारी तार, आणि कातडीला टेकणारं ते बटण. बटण ऊब मोजतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाचा गुडघा भाजत नाही. डबीतली चिप ठरवते, तारेला वीज कधी द्यायची आणि कधी नाही. त्यासाठी तिला एक गोष्ट कळावी लागते, ती म्हणजे भिंतीतल्या विजेची लाट नेमकी कधी शून्यावर येते. ही वीज एका दिशेने वाहत नाही. वर चढते, उतरते, उलटी होते, परत येते. सेकंदाला शंभर वेळा शून्य ओलांडते. त्या शून्यावर तार जोडली तर सगळं गुण्यागोविंदाने चालतं. भलत्या वेळी जोडली तर शेजारच्या खोलीतला रेडिओ खरखरतो आणि शेजारी भांडायला येतो.

पण चिप पडली नाजूक जिवाची. तिला दोनच गोष्टी कळतात, आहे आणि नाही, पाच व्होल्ट आणि शून्य. दोनशेतीस व्होल्टची लाट तिच्या अंगावर सोडली तर ती जागच्या जागी आटोपेल. म्हणून आमच्या जुन्या डब्यात मध्ये ऑप्टो नावाचा चार पायांचा एक काळा तुकडा असायचा. त्याच्या पोटात अलीकडे दिवा आणि पलीकडे डोळा. लाट चढली की दिवा लागतो, शून्यावर आली की विझतो. डोळा ते बघतो आणि चिपला सांगतो. मध्ये तार नाही, नुसता उजेड. भिंतीतली वीज भिंतीच्याच बाजूला राहते. चिपला लागणारी पाच व्होल्टची वीजसुद्धा एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून यायची, त्यातही इकडची तार तिकडे लागलेली नसते. डबा विटेएवढा व्हायचा, पण वीट कुणाला चावत नाही.

मग आमच्याकडे नवी डिझायनर आली. सव्वीस वर्षांची पोर. मी इथे लागले त्या साली जन्मलेली, म्हणून मला मावशी म्हणायची. हुशार, कामसू, दिवसभर गळ्यात हेडफोन. मोठ्या प्रदर्शनासाठी साबणाच्या डबीएवढा सेट हवा, असं वरून फर्मान आलं आणि तिने तीन आठवड्यांत तो करून दाखवला. ट्रान्सफॉर्मर गेला, ऑप्टो गेला. लाट, वीज अडवणाऱ्या दोन मोठ्या रेझिस्टन्समधून, थेट चिपच्या पायावर.

"मावशी, हे बघा ना!" तिने मला विजेची लाट दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यापाशी ओढत नेलं होतं. वर गोल गोल लाट, खाली तिचीच चौकोनी सावली, पायऱ्यांसारखी, सुबक. "ऑप्टोशिवाय! चिपवाल्यांच्या पुस्तकातच दिलंय असं. दोन रेझिस्टन्स, बस्स."

"अगं, पण अख्खी लाट पायावर?"

"कुठली अख्खी? रेझिस्टन्समधून इतकं कमी जातं, मुंगीलासुद्धा कळणार नाही."

मी मोजून पाहिलं. खरंच मुंगीलाही कळलं नसतं. मला तो चौकोन फार आवडला, खोटं कशाला बोलू. चांगलं काम दिसलं की माझं मन भुलतं. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि पहिल्या पन्नास सेटना, यादीतल्या बावीस चाचण्या एकेक करून, पास केलं. प्रत्येकाच्या कार्डावर माझा शिक्का मारला. पितळेचा, गोल, मध्ये तीनचा आकडा. ते पन्नास सेट एका फिजिओथेरपी दवाखान्यामार्फत पन्नास घरी गेले, वापरून पाहायला.

आणि एक एकावन्नावा, नमुन्याचा, मी सासूबाईंसाठी घरी नेला.

नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच आहोत, भांडायला. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. सुंभ जळला तरी पीळ कायम. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "अगं, हे लावलं की गुडघ्याला मुंग्या येतात."

"वयानं येतात मुंग्या."

"काल नाही आल्या. परवा आल्या. वय काय दिवसाआड वाढतं का माझं?"

मी हसले आणि कांदा चिरत राहिले. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई मी. घरात एक म्हातारी दिवसाआड मुंग्या येतात असं सांगतेय, म्हणजे टेस्टिंगच्या भाषेत याहून स्वच्छ तक्रार नाही, आणि मी कांदा चिरतेय. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मग एका सकाळी त्यांचा पट्टा सरकला म्हणून मी तो नीट करायला गेले. हात नुकते भांडी घासून ओले. बटणाला बोट लागलं आणि खांद्यापर्यंत असा झटका बसला की मी पलंगाच्या कडेला आदळले.

"वयानं येतात," सासूबाई म्हणाल्या.

मी प्लग उपसला आणि तिथेच जमिनीवर बसून डबी उघडली. रेझिस्टन्स ठीक होते. चौकोनही ठीक होता. आम्ही सगळ्यांनी चिपकडे जाणारी तार पाहिली होती. पण वीज जाते तशी परत येण्याचीही तार लागतेच, आणि ती तार मात्र मध्ये काहीही न ठेवता थेट प्लगच्या दुसऱ्या पायाला जोडलेली होती. बटणाच्या मोजमापात खरखर येऊ नये म्हणून तेही त्याच तारेला टाकलेलं. दोन पायांचा प्लग, सुलटा बसला तर ती तार थंड, उलटा बसला तर भिंतीतली अख्खी वीज त्या बटणावर, आणि बटण सासूबाईंच्या गुडघ्यावर. पलंग लाकडी, पाय कोरडे, पांघरुणात, म्हणून मुंग्यांवर भागलं होतं. एक पाय ओल्या फरशीवर असता तर मी आज ही गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने सांगत बसले असते.

मग कारखान्यात बावीस चाचण्यांत हे सापडलं कसं नाही? तेही मला जमिनीवर बसल्या बसल्याच कळलं आणि कानशिलं तापली. माझ्या टेबलाची वीज भिंतीतून सरळ येत नाही. मध्ये एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर आहे, त्यामुळे त्या टेबलावर कुठल्याही एका तारेला हात लावला तरी शॉक बसत नाही. एका सोबतणीचा हात भाजला तेव्हा मी भांडून, दोन दिवस काम बंद ठेवून, तो बसवून घेतला होता. माझ्या टेबलावर सगळंच निरुपद्रवी असतं. वाघसुद्धा माझ्या टेबलावर मांजर होतो. आणि बटणाला टेस्टर लावून बघा असं यादीत कुठे नव्हतं, कारण जुन्या डब्यात त्याची गरजच नव्हती. यादी माझ्या पाठ होती. डोकं मात्र मी घरी ठेवून गेले होते.

म्हणून त्या दुपारी कॅन्टीन. तिथली भिंत तरी खरी होती.

केबिनमध्ये गेल्यावर मॅनेजरने दार लावलं. डिझायनर आधीच येऊन कोपऱ्यात उभी होती, डोळे लाल.

"मावशी, मी परतीच्या तारेकडे पाहिलंच नाही हो."

"मीही नाही पाहिलं. आता रडू नकोस. रडून कागद भिजतो. ऑप्टो टाकून सर्किट परत काढायला घे. डबी विटेएवढी झाली तरी चालेल."

मॅनेजर माणूस वाईट नव्हे. त्याला घाम येतो इतकंच. रुमालाने मान पुसत तो म्हणाला, "हे बघा, तयार झालेले चारशे सेट आपण थांबवू. एकही बाहेर जाणार नाही. डिझाइन बदलू. बरोबर?"

"बरोबर."

"मग झालं तर."

"आणि पन्नास?"

"तेही बदलू. सर्व्हिसिंगच्या नावाखाली, एकेक करून. दोन-तीन महिन्यांत सगळे परत."

"दोन-तीन महिने!"

"कुणाची तक्रार आलीय का? एकाची तरी? आता पन्नास घरी फोन करून सांगायचं की तुमच्या गुडघ्यावर वीज आहे, म्हणजे आपणच बोंब मारायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

"मूठ झाकायचीच असेल तर ते बटण आत धरून झाका."

डिझायनरच्या तोंडून हसू निसटलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. मॅनेजरने रुमाल खिशात ठेवला. मग त्याने आवाज मऊ केला, आणि मला कळलं की खरी गोष्ट आता येणार.

"मी तुमच्याचसाठी बोलतोय," तो म्हणाला. "पास झालेला माल परत मागवायचा तर लाल कार्ड लागतं. गिऱ्हाइकाची तक्रार नाही, म्हणजे ते कार्ड पास करणारीनंच लिहायचं. तुम्ही. स्वतःच्या शिक्क्यावर. मग शिक्क्याचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको."

नको होतंच. आमच्याकडे शिक्का म्हणजे नुसतं पितळ नाही. टेस्टिंगचा माणूस निवृत्त होताना आपला शिक्का घरी नेतो, तो नंबर पुन्हा कुणाला देत नाहीत. कारखान्याच्या एवढ्या वर्षांत चौघांनीच नेला. पण पास केलेल्या मालात माणसाला इजा होईल असा दोष निघाला, तर सगळ्यांदेखत ग्राइंडरवर आकडा घासून टाकायचा. जुन्या मालकाने घातलेला नियम. तो म्हणायचा, चूक करणाऱ्याला मी काढत नाही, पण त्याच्या सहीवर पुन्हा माल सोडत नाही. दोनदाच घासले होते, आणि त्या दोघांनीही आठवड्याभरात नोकरी सोडली. बोलून कुणी काही म्हणालं नव्हतं. लोक नुसते हळू बोलायला लागतात, तेच सहन होत नाही.

"चौदा महिने," मॅनेजर म्हणाला. "सव्वीस वर्षांत एक डाग नाही. कशाला उगाच हात दाखवून अवलक्षण? मी सांगतो ना, तीन महिन्यांत पन्नासही परत आणतो. शब्द देतो."

खोटं वाटू नये म्हणून सांगते, मी विचार केला. खिडकीबाहेर बघत चांगला मिनिटभर विचार केला. शिक्का घरी नेण्याची मला फार हौस होती. सासूबाईंनी फडताळात जागाही करून ठेवली होती, नवऱ्याच्या घड्याळाशेजारी. मी असंही मनाशी म्हटलं की पन्नासांतले पंचवीस तर प्लग सुलटाच लावत असतील. मग उरलेले पंचवीस डोळ्यांपुढे आले. पंचवीस गुडघे, आणि त्यातला एखादा पाय ओल्या फरशीवर. आणि मला माझाच असा राग आला की मी खुर्ची मागे ढकलून उठले.

"लाल कार्डांचा गठ्ठा कुठंय?"

"बाई, उद्या बोलू. घरी जा, शांत डोक्यानं—"

"माझं डोकं शांत असतं तेव्हाच मी चुका करते. गठ्ठा द्या."

त्याने दिला नाही. कपाटाला कुलूप आहे म्हणाला. डिझायनर गुपचूप बाहेर गेली आणि पाच मिनिटांत स्टोअरमधून नवा कोरा गठ्ठा घेऊन आली. मॅनेजर तिला म्हणाला, "तुला कळतंय का तू काय करतेयस?" ती म्हणाली, "नाही सर, पण मावशींना कळतंय." तेव्हा मला ती पोर सर्किटापेक्षा जास्त आवडली.

मी टेबलाशी बसून पन्नास कार्डं लिहिली. एकच लिहून खाली 'वरीलप्रमाणे' करता आलं असतं, पण नियम सेटमागे एक कार्ड असा आहे, आणि नियमाचा आधार घेऊनच मला नाही म्हणणार होते तर मीही नियम सोडणार नव्हते. सेट क्रमांक. दोष: परतीची तार विलग नाही, बटणावर वीज. इजेची शक्यता: आहे. पास करणार: तीन. नापास करणारी: तीन. साडेतीन तास लागले. शेवटच्या कार्डांवर अक्षर कोंबडीच्या पायांसारखं झालं होतं. मॅनेजर मधून मधून काचेतून बघून जायचा. सुटीची घंटा व्हायच्या आत मी गठ्ठा त्याच्या टेबलावर आपटला आणि पोचपावतीवर सही घेतली. पोचपावती घेतल्याशिवाय मी माझ्या सख्ख्या भावालाही कागद देत नाही.

लाल कार्डं एकदा टेबलावर आली की सगळं आपोआप चालतं. सहीच्या दिवशीच फोन करावे लागतात. फोन मीच केले. "प्लग काढा. आत्ता. फोन चालू ठेवा आणि आधी काढून या." काहींनी प्रश्न विचारले, काहींनी शिव्या दिल्या. एका बाईने मला विचारलं, पुन्हा कधी येणार तुमची पट्टी, फार बरं वाटत होतं हो. त्या दिवशी एकोणपन्नास लागले. एक लागला नाही. घंटी वाजत राहायची, कुणी उचलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्का घासला. मशीन शॉपमध्ये सगळे गोल करून उभे होते, आणि आमचा फिटर, जो मला बावीस वर्षं रोज काहीतरी टोमणा मारतो, तो अगदी गंभीर तोंड करून पुढे आला. "ताई, द्या. मी करतो. डोळे मिटा."

"डोळे मिटून ग्राइंडरशी उभं राहायला मी काय वेडी आहे? सरक."

चष्मा लावला, शिक्का चिमट्यात धरला आणि दगडावर टेकवला. पितळ मऊ असतं, ठिणग्या उडत नाहीत. नुसता पिवळा भुसा पडला. तीनचा वरचा वळसा गेला, मग खालचा. दहा सेकंदही लागले नाहीत. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही, चष्म्याआडून सगळ्यांना दिसत होतंच. मग मी शिक्का मॅनेजरच्या हातात दिला. तो गरम होता, त्याने पटकन या हातातून त्या हातात केला. मी म्हणाले, "बघा, हे मात्र धरलंत." कुणीच हसलं नाही. फिटरसुद्धा.

मी नोकरी सोडली नाही. सगळ्यांना वाटलं होतं सोडीन. मी सरळ टेबलाशी जाऊन यादी काढली आणि तेविसावी चाचणी माझ्या हाताने लिहिली: सेट भिंतीच्या खऱ्या सॉकेटला लावावा, प्लग दोन्ही बाजूंनी, अंगाला लागणारा प्रत्येक भाग टेस्टरने पाहावा. खाली शिक्क्याची जागा होती, ती रिकामी सोडली. मग दोन तासांची रजा टाकून पन्नासाव्या पत्त्यावर निघाले. फोन अजून कुणी उचलत नव्हतं.

तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. काठी, कानात यंत्र. फोन का उचलला जात नव्हता ते तिथेच कळलं.

"शेकपट्टी!" मी ओरडले. "शेकपट्टी कुठंय?"

"आत्ताच लावलीय तिला. तुम्ही कोण?"

मी त्यांच्या काखेखालून आत शिरले. आतल्या खोलीत लोखंडी खाट होती आणि खाटेवर त्यांची बायको, एक हात खाटेच्या गजावर. मी सॉकेटाकडे धावले आणि प्लग उपसला.

"अहो! काय चाललंय काय?" गृहस्थ काठी आपटत मागून आले. "गरम होत आलं होतं तिला!"

प्लग माझ्या हातात होता. त्याच्या एका अंगावर निळ्या शाईचा ठिपका होता, पेनने गिरवून गिरवून केलेला.

"हा ठिपका कसला?" मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून प्लग त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

"तो होय. मीच केलाय. ठिपका वर ठेवून लावलं की हिला बरं वाटतं. खाली गेला की ओरडते, चावतंय म्हणते. पहिल्या दिवशी फार ओरडली. मला ऐकू नाही आलं लगेच." त्यांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला. "तेव्हापासून मी रोज दोनदा बघून लावतो."

खाटेवरची बाई माझ्याकडे बघत होती. तिने बोलायचा प्रयत्न केला, तोंडाची एकच बाजू हलली. मी तिच्या गुडघ्यावरचा पट्टा सोडला. बटणाखाली कातडीवर लाल गोल उमटला होता. मी खाटेच्या कडेवर बसले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं, मोठ्याने, एकेक शब्द तोडून. वीज कुठून येत होती ते. ठिपक्याने काय वाचवलं ते. आणि हा सेट कुणी पास केला होता ते. पास केला होता हे तीन वेळा सांगावं लागलं, त्यांना दोनदा ऐकू आलं नाही.

ते ऐकून त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग प्लगकडे. मी शिव्यांची वाट पाहत होते. त्यांनी पट्टा उचलला, वायर नीट गुंडाळली, डबीवर ठेवली आणि माझ्या हातात दिली.

"पावती द्या," ते म्हणाले. "परत नेलं म्हणून. कंपनीच्या शिक्क्याची."

"शिक्का नाही माझ्याकडे."

"काय?"

"शिक्का नाही! नाव लिहून देते!"

त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान फाडून दिलं. मी खाटेच्या कडेवर बसून लिहिलं: सेट क्रमांक पन्नास, सदोष, परत नेला, माझ्या चुकीने पास झाला होता. खाली सही केली. सव्वीस वर्षांत कारखान्याच्या कागदावर मी आकडाच मारत आले होते, नाव लिहायची सवय राहिली नव्हती. म्हणून सावकाश, माझं, नवऱ्याचं आणि आडनाव, तिन्ही पूर्ण लिहिली.

गृहस्थांनी चष्मा लावला आणि ते नाव बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. मग कागदाची चौकोनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, आणि मला विचारलं की नवी पट्टी येईपर्यंत हिला शेकायला काय करू.

मी स्वयंपाकघर कुठे आहे ते विचारलं आणि पाणी तापत ठेवलं.